भिंतीवर फ्लेमिंगो, भरतीला बांध

नवी मुंबईच्या खाडीकाठी राहणाऱ्या शेजाऱ्यांनो,



हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला का लिहिते आहे, असं तुम्ही विचाराल. सरकारला लिहून झालं आहे. तिथून पोच मिळते, शिक्का मिळतो, कधीमधी उत्तरही येतं. त्या उत्तरानं डोकं फिरतं, पण मन दुखत नाही, कारण तिथे मुळात फार जीव लावलेला नसतो. मन दुखतं ते शेजाऱ्याच्या वागण्यानं. सीवूड्स, नेरूळ, बेलापूर, उलवे, द्रोणागिरी इथल्या तुमच्या गॅलरीतून जी खाडी दिसते, तिच्याच काठी उरण तालुक्यात माझं गाव आहे. मी आगरी घरातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. माझे कितीतरी विद्यार्थी आज तुमच्याच इमारतींत राहतात. त्यामुळे नातं शेजाराचं आहे आणि थोडं हक्काचंही. त्या हक्कानं बोलते आहे, राग मानू नका. मानलात तरी पत्र शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या शहराला तुम्ही फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेता. फाटकावर गुलाबी पक्षी, उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर पक्षी, चौकात फायबरचे पक्षी, घरांच्या जाहिरातीत तर हमखास पक्षी. ‘खाडी व्ह्यू’ म्हटलं की बिल्डर चौरस फुटामागे भाव चढवतो आणि तुम्ही तो खुशीनं देता. थंडी पडली की थव्यांचे व्हिडिओ माझ्या मोबाइलवरही येऊन पडतात, खाली बदामाची चित्रं. आम्ही खाडीकाठची माणसं या पक्ष्याला रोहित म्हणतो किंवा नुसतंच पाखरू म्हणतो, पण तुमचं कौतुक खरं आहे याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या वीतभर खाऱ्या पाण्यात तो पक्षी उभा असतो, ते पाणी तुम्हाला नको आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. मध्यंतरी तुमच्यापैकी एका सोसायटीनं मला खाडीवर बोलायला बोलावलं होतं. सभागृह छान, माणसं सुशिक्षित, प्रश्न चांगले. टाळ्याही भरपूर झाल्या. कार्यक्रम संपल्यावर चहाबरोबर एक अर्ज फिरू लागला: सोसायटीमागच्या खड्ड्यात डास होतात आणि दुर्गंधी येते, सबब तो भरून तिथे जॉगिंग ट्रॅक करण्यात यावा. तो खड्डा म्हणजे मी तासभर ज्याच्याबद्दल बोलत होते तेच खाडीचं तळं. मगाशी टाळ्या वाजवलेल्या हातांनीच सह्या चालल्या होत्या. कुणीतरी अगदी आपुलकीनं माझ्यापुढेही कागद आणि पेन धरलं. मी सही केली नाही. चहा तसाच ठेवून उठले.

त्या अर्जातल्या दोन्ही तक्रारींना उत्तर त्या दिवशी द्यायला हवं होतं, ते आज देते.

आधी डास. डास होतात ते अडलेल्या पाण्यात. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी जिथे आत येतं आणि ओहोटीला निघून जातं, तिथे डासाच्या अळीला जम बसवायला फारशी फुरसत मिळत नाही. पाण्याबरोबर बारीक मासळी आत येते, ती अळ्या खाते. मग एक दिवस तळ्याच्या तोंडावरून रस्ता जातो. रस्त्याखाली पाण्यासाठी पाइप टाकतात, तो रस्त्याच्याच मुरुमानं अर्धा बुजतो, उरलेला प्लास्टिकनं. आतलं पाणी आत राहतं, पावसाळ्यात गोडं होतं, कुणाचं तरी सांडपाणी त्यात उतरतं, आणि मग डास होतात. म्हणजे आधी पाणी कोंडायचं आणि डास झाले म्हणून तळं बुजवायचं. दुखणं ज्यानं दिलं त्याच्याकडेच औषधाला जाण्यातला हा प्रकार.

आता वास. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळाला वास असतोच, तो आम्हाला जन्मापासून माहीत आहे. त्या काळ्या चिखलात वरचा पापुद्रा सोडला तर प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे पालापाचोळा कुजवणारे जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर काम चालवतात, त्याचा तो वास. तिवराची मुळं चिखलातून वर बोटं काढून उभी राहतात तीही हवेसाठीच. त्या कुजण्यातूनच खाडीतल्या कोळंबीचं, चिंबोरीचं, बोइटाचं पोट भरतं. गटाराचा वास वेगळा असतो आणि तो खाडीत तुमच्या-आमच्या घरांतून येतो. दोन्ही वासांची गल्लत करून शिक्षा मात्र खाडीला द्यायची, हे मला पटत नाही.

आता पाखरांचं बघू, कारण तुमचं मन त्यांच्यात आहे. धाकटा रोहित पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ चोचीनं गाळून खातो. थोरला रोहित बारीक कोळंबी, अळ्या, शिंपलेही खातो. अंगावरचा गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो. त्यांची वीण कच्छच्या रणात, आणि हिवाळा-उन्हाळा आपल्याकडे. ओहोटीला ठाणे खाडीचा गाळ मैलोनमैल उघडा पडतो तेव्हा त्यांचं चरणं चालू असतं. पण साधारण सहा तासांनी भरती चढते आणि गाळ पाण्याखाली जातो. तेव्हा हजारो पक्ष्यांनी जायचं कुठे? ते उडून येतात काठच्या उथळ तळ्यांत. नेरूळ-सीवूड्सची तळी, पाणजे, आणि भराव पडेपर्यंत भेंडखळ, बेलपाडा अशा जागी पाणी पायाच्या नळीएवढंच असतं, कुत्रं पोचत नाही, आणि पाखरू एका पायावर उभं राहून डोळा मिटू शकतं. पंगत खाडीत आणि अंग टाकायला ओटी इकडे, असा त्यांचा संसार आहे. ओटी पाडून टाकली तर नुसत्या पंगतीवर पाहुणा टिकत नाही.

हे माझं शहाणपण नव्हे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पाहणी करून हेच सांगितलं आहे, की ठाण्याच्या खाडीतलं अभयारण्य राखायचं तर नवी मुंबई आणि उरणची ही भरतीवेळची तळी राखावी लागतील. अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, जवळपास 1,690 हेक्टरांचं. 2022 साली ठाणे खाडीला पाणथळांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातली ही तिसरी रामसर जागा. आपण पेढे वाटले. पण दर्जा मिळाला पंगतीला, ओटीचं काय हा प्रश्न तसाच राहिला.

आणि पाखरं म्हणजे फक्त रोहित नव्हेत. त्याच चिखलात मालगुजा असतो, तुतारी असते, शेकाटे आणि उचाट असतात. यांतली बरीच मध्य आशिया, सैबेरियाहून हजारो किलोमीटरांचा प्रवास करून येतात, पण ही मातकट, काळी-पांढरी पाखरं कुठल्याच भिंतीवर नाहीत. रंग फिका असला की कौतुकही फिकं पडतं, हे आम्हा खाडीकाठच्या माणसांना कुणी वेगळं सांगायला नको.

2024 चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. सीवूड्सचं ते तीसएक एकरांचं तळं, जे शेजारच्या शाळेमुळे डीपीएस तळं म्हणून ओळखलं जातं, कोरडं पडलं. ते उन्हानं आटलं नव्हतं. भरतीचं पाणी आत आणणाऱ्या वाटा बांधकामात बुजल्या होत्या. नेहमीच्या जागी उतरायला आलेल्या रोहितांना पाणी सापडेना. काही गोंधळून रस्त्यावर उतरले, काही मेले. त्याच वर्षी 20 मेच्या रात्री घाटकोपरवर विमानाला थवा धडकला आणि 39 रोहित मरून पडले. त्या अपघाताचं खापर मी या तळ्यावर फोडत नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण विमानतळाजवळ पाणथळ नको, पक्षी येतात, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तळं बुजवल्यानं पक्षी नाहीसे होत नाहीत. ते जागा शोधत आभाळात हिंडत राहतात. आता तर उलव्याला नवा विमानतळ झाला आहे. ठरलेल्या जागी शांत उभा असलेला थवा बरा, की भटकणारा?

त्या वेळी तुमच्यातलेच काही जण, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, हातात हात घालून तळ्याकाठी उभे राहिले. त्यांना मी मनापासून नमस्कार करते. त्यांच्या रेट्यानं समिती नेमली गेली, पाण्याची वाट पुन्हा मोकळी झाली, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं ते तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. शेजारी उभा राहिला की काय होतं ते दिसलं. म्हणून तर दुखतं. कारण तुमच्या खिडकीसमोरचं तळं वाचलं आणि खिडकीतून न दिसणारी तळी जात राहिली. बेलपाड्याला, भेंडखळला भराव पडला तेव्हा साखळी झाली नाही. पाणजे हे उरणकडचं सुमारे 289 हेक्टरांचं पाणथळ; भरतीचं पाणी अडवून ते सुकवलं जात असल्याच्या तक्रारी गावकरी आणि पर्यावरणवाले किती वर्षं करत आले. तिथे हात धरायला माणसं थोडी होती. पाणजे तुमच्या गॅलरीतून दिसत नाही, हेच कारण असावं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमच्या वाडवडिलांनीही खाडी अडवूनच भातशेती केली ना? खारबंदिस्ती म्हणजे दुसरं काय?

प्रश्न रास्त आहे. आम्ही खाडीला बांध घातले. पिढ्यान्‌पिढ्या घातले. त्या खारट जमिनीत काळा राता, भुरा राता असले लाल तांदूळ पिकवले, जे मीठ सोसतात. मिठागरं केली, ज्यावरून आमच्या जातीचंच नाव पडलं. पण प्रत्येक बांधाला उघाडी असायची. ती कशी असते ते सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली नसेल. बांधाच्या पोटात दगडी चौकट, तिला वरून टांगलेली जाड लाकडी झडप. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी आतून रेटा देतं, झडप आपोआप बाहेरच्या अंगाला उचलली जाते, पाणी खाडीत जातं. भरती चढली की बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. माणसानं हात लावायची गरज नाही. गरज आहे ती झडपेत अडकलेला ओंडका, गवताचा भारा, मेलेलं जनावर वेळेवर काढायची. ते काम गावानं वाटून घेतलेलं असायचं. बांधाला खांड पडली तर पाणी कुणाच्या शेतात शिरलं हे न बघता सारा गाव चिखल-पेंढा घेऊन धावायचा. आणि बांध कुठवर घालायचा याला हद्द होती. बांधाबाहेरचं तिवरांचं रान, गाळ, खाजण हे खाडीचं. तिथे मासळी धरायची, चिंबोऱ्या काढायच्या, पण माती टाकायची नाही.

तुम्हाला नवल वाटेल, पण तुमच्या शहराचे नियोजनकारही हे जाणून होते. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाणी खाडीत जाऊच शकत नाही. म्हणून त्यांनी जागोजाग धारण तलाव ठेवले, त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरती असेपर्यंत पावसाचं पाणी तिथे थांबायचं, ओहोटी लागली की बाहेर पडायचं. ती आमची उघाडीच, फक्त सिमेंटातली. आज त्यातले कितीतरी तलाव गाळानं भरले आहेत आणि जागा रिकामी दिसते म्हणून कुणाकुणाचा डोळा त्यांवर आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीकाठी काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पाण्याची थांबायची जागा बुजवली की पाणी तळमजल्यात येऊन थांबतं. खाडी राखा म्हणते ती फक्त पाखरांसाठी नाही.

माझ्या मनात आणखी एक सल आहे, तीही बोलून टाकते. 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्या जमिनी म्हणजे भातखाचरं, मिठागरं, खाजणं. 1984 च्या जानेवारीत भावासाठी आणि हक्कासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणची माणसं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचं धोरण त्या रक्तातून आलं. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला काहीतरी मिळालं. पण खाडीच्या गाळाचा सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. त्यावर पोट असलेल्या बायकांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

माझी आई निवट्या धरायची. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारा, डोळे वर आलेला बोटभर मासा. त्याच्या बिळाला बहुधा दोन तोंडं असतात. आई एका तोंडावर टाच दाबून धरायची आणि दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायची. बाहेर येणाऱ्या हातात कधी निवटी असायची, कधी चिंबोरीची नांगी. मांडीएवढ्या चिखलात ती ओणवी चालायची, कमरेला टोपली, आणि भरतीचं पाणी चढायला लागलं की माघारी वळायची, घड्याळाशिवाय. सकाळी काढलेल्या मासळीवर आमची शाळेची फी गेली. बांधकामं सुरू झाली तेव्हा तिनं एकच वाक्य म्हटलं होतं: ‘‘पानी आलं नाय तं निवटी नाय, नि निवटी नाय तं चूल नाय.’’ त्या एका वाक्यात जेवढं पर्यावरणशास्त्र आहे तेवढं मला पुढे बी.एड.च्या पुस्तकात मिळालं नाही.

उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी आपलं नुकसान राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडलं. 2015 साली लवादानं 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदरं आणि भराव यांनी भरतीच्या वाटा अडल्या, तिवरं गेली, मासळी गेली, हे देशाच्या एका न्यायपीठानं मान्य केलं. रकमेचा आकडा वाचायला मोठा वाटतो. एका कुटुंबाला किती येतात त्याचा भागाकार करून बघा. मग तुमच्या फ्लॅटच्या किमतीला त्या आकड्यानं भागून बघा.

कायद्याचं सांगायचं तर कायदा आहे. इस्रोच्या 2011 च्या नकाशासंग्रहात देशातली सव्वादोन हेक्टरांहून मोठी 2,01,503 पाणथळं मोजली गेली आणि त्यांना हात लावू नका असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली बजावलं. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांची तोड म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे असा निकाल दिला आणि भोवतीची 50 मीटर जागाही राखायला सांगितली. पांढरी चिपी हे 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष आहे. पण कायद्याला पळवाटाही आहेत. पाणथळांच्या 2017 च्या नियमांतून भातखाचरं वगळली, मिठागरं वगळली, सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी केलेली तळी वगळली. उरणच्या काठावर माणसाचा हात न लागलेलं पाणी शोधून दाखवा. शेकडो वर्षांत आम्ही आणि खाडीनं मिळून जे उभं केलं, ते माणसानं केलेलं म्हणून नियमाबाहेर.

मीही एक तक्रारअर्ज दिला होता. आमच्याकडच्या एका तळ्याचा पाइप बुजवला गेला म्हणून. साहेब पाहणीला आले. आले ते भांगाच्या दिवसांत, तेही ओहोटीला. भांगाला भरती चढते ती जेमतेम, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. साहेबांनी बूट न भिजवता फोटो काढले. काही दिवसांनी उत्तर आलं की सदर ठिकाणी पाणथळ क्षेत्र आढळून येत नाही. ते पत्र मी त्याच तळ्याच्या काठावर उभं राहून वाचलं. अमावास्येचं उधाण होतं, पाणी कुठून तरी वाट काढून आत आलं होतं आणि त्यात शेकाटे लाल पाय टाकत फिरत होते. मी पत्राची घडी घातली आणि घरी आले.

आता तुमच्या हिश्शाची एक गोष्ट, जी सांगायला मलाच संकोच वाटतो. आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला रात्रीत ढीग पडतात. सकाळी मी फिरायला जाते तेव्हा बघते. निळ्या फुलांच्या टाइल्स, फुटकं वॉश बेसिन, पीओपीच्या छताचे तुकडे, ग्रॅनाइटच्या पट्ट्या, एकदा तर लाल अक्षरांत शुभ लाभ लिहिलेली दाराची चौकट. हे गावातल्या घरांतलं सामान नाही. तुमच्याकडे स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं की कंत्राटदार म्हणतो, राडारोड्याची काळजी करू नका, आम्ही नेऊ. कुठे नेणार हे तुम्ही विचारत नाही. तो टेम्पोभर राडारोडा तिवरांच्या मुळांवर रिकामा होतो. चिखलातून वर आलेली ती बोटं गाडली गेली की झाड गुदमरतं, आधी पानं पिवळी पडतात, मग उभं वाळतं. वाळलेलं रान बघून जागा रिकामी आहे असं पुढचा माणूस ठरवतो. मोठे भराव मोठे लोक घालतात, मान्य. पण त्यांना सुरुवात तुमच्या टाइल्सनी करून दिलेली असते.

रडगाणं पुरे. शेजाऱ्याला नुसतं बोल लावून जमत नाही, काय हवं तेही सांगावं लागतं. मागणं फार नाही.

पौर्णिमेला किंवा अमावास्येला, किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाची भरती असताना तुमच्या सोसायटीजवळचं तळं बघायला जा. पक्षी नंतर बघा, आधी पाणी कुठून आत येतं ते बघा. रस्त्याखालचा पाइप शोधा, तो अर्धा बुजलेला असेल तर तारीख-वेळेसकट फोटो काढा. तक्रार द्यायला जागा आहे: उच्च न्यायालयाच्या आदेशानं कोकण विभागीय आयुक्तांकडे पाणथळांसाठी तक्रार निवारण समिती नेमलेली आहे. आमच्या गावातल्या एका म्हातारीच्या अर्जापेक्षा दोनशे फ्लॅटधारकांचा अर्ज लवकर वाचला जातो, हे मला आवडत नाही, पण खरं आहे. तर त्या वजनाचा उपयोग करा. पाहणी उधाणाच्या भरतीलाच व्हावी अशी लेखी मागणी करा.

घरात काम काढाल तेव्हा राडारोडा कुठे जाणार ते कंत्राटदाराकडून लिहून घ्या. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव करा. गाडीच्या पार्किंगसाठी तुम्ही याहून कडक ठराव करता.

डासांचा अर्ज पुन्हा फिरला तर त्यात एक ओळ बदला. तळं भरून द्यावं याच्या जागी तळ्याचं तोंड मोकळं करून द्यावं, एवढंच. खर्चही कमी येईल.

आणि पाणजेला या. हात धरून उभं राहायला माणसं लागतात. आमच्या गावची माणसं थकली आहेत, तरुण पोरं बंदरातल्या गोदामांत पाळीवर असतात. तुम्ही आलात तर चहा मी करीन, आणि तो न पिता उठायची वेळ तुमच्यावर आणणार नाही.

पक्षी इथे पुढच्या हिवाळ्यात येतील का, असं तुम्ही मला प्रत्येक कार्यक्रमात विचारता. पक्ष्यांचं काही अडत नाही, ते कच्छहून वेळेवर निघतात. अडलेलं आहे ते पाणी, आणि ते तुमच्या-माझ्या रस्त्याखालच्या पाइपाशी अडलेलं आहे. तो पाइप मोकळा करा. मग भिंतीवर हवे तेवढे फ्लेमिंगो रंगवा, मी स्वतः रंगाचा डबा धरायला येईन.



खाडीपलीकडची तुमची शेजारीण